भाषा येत नसेल तर आधी अर्थ वाचायचा की आधी गाणं ऐकायचं? (व्हेरोनिक जाँसच्या फ्रेंच गाण्यांच्या निमित्ताने)

सांजवात

नमस्कार मंडळी,

एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय, इथे विचारल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी पुण्यात हिंदुस्तानी गायन शिकते, चार मुलींना शिकवतेही. पाश्चात्त्य संगीत कानावरून गेलेलं, पण मांडी घालून कधी ऐकलेलं नाही. मे महिन्यात लेक ग्रनोबलहून आली ती एक सीडी घेऊन. 'नेएर' नावाची. गायिका व्हेरोनिक जाँस, सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सर्वात उंच पट्टीचा आवाज. पियानोवर सुझन मॅनॉफ. २०१५ साली आल्फा कंपनीने काढलेली. रेनाल्दो आन, आन्री द्युपार्क आणि एर्नेस्त शोसों या तिघांची गाणी. वाद्यवृंद नाही, कोरस नाही. एक बाई आणि एक पियानो, बस.

पहाटे रियाजाआधी लावली. द्युपार्कचं एक गाणं आहे, लेकीने नाव सांगितलं 'प्रवासाचं आमंत्रण'. त्यात पियानो सतत झुलत राहतो आणि खाली षड्ज-पंचम धरून ठेवलेला असतो. मला क्षणभर तानपुराच वाटला. कडव्याच्या शेवटी ते झुलणं थांबतं, पियानो नुसते लांब सूर धरतो आणि बाई जवळजवळ एकाच सुरावर काहीतरी म्हणते. तेवढं मी सहा-सात वेळा मागे नेऊन ऐकलं. शिष्या दारात येऊन उभी राहिली होती तेही कळलं नाही.

मग लेक पुस्तिका उघडून कविता समजावायला लागली आणि मी तिला थांबवलं. का थांबवलं ते मलाच नीट सांगता येत नाही. ठुमरी शिकवताना मी स्वतः मुलींना आधी बोल समजावते, त्याशिवाय पुढे जात नाही. मग इथे का नको वाटलं? अर्थ कळला तर तो सूर बोटातून निसटेल अशी भीती वाटली.

तर तुम्ही काय करता? परक्या भाषेतलं गाणं आधी कोरं ऐकता की कविता वाचून ऐकता? आणि या प्रकारातलं आणखी काय ऐकावं?

फुलपाखरू_७

वाचनखूण साठवली. मला काहीच माहीत नाही यातलं, पण धागा वाचणार. चहा टाकलाय.

काळीपांढरी

सांजवातताई, किती छान सुरुवात झाली तुमची! मी मुंबईत पियानो शिकवते आणि गायकांना साथ करते, त्यामुळे या धाग्यावर मला गप्प बसवणार नाही.

आधी 'साथ' या शब्दाबद्दल. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागून जातो, तिच्या जागा टिपतो. या प्रकारात (फ्रेंच लोक याला 'मेलोदी' म्हणतात, 'शाँसों' म्हणजे लोकप्रिय गाणी, ती वेगळी) पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकाराने लिहिलेला असतो आणि बऱ्याचदा गाण्यातली अर्धी गोष्ट पियानोकडेच असते. तुम्ही सांगताय त्या जागी द्युपार्कने नेमकं तेच केलंय. हललेलं पाणी पियानोत आहे. ते थांबतं तेव्हा आपण किनाऱ्याला लागतो. बाईंना तिथे फार काही करावं लागत नाही, आणि नेमकं तेच अवघड असतं.

वाजवायला ते झुलणं सोपं दिसतं. दोन्ही हातांत तसं काही अचाट नाही. पण सगळे ठोके सारखे हलके पडायला हवेत, एकही टोचता कामा नये. आमच्याकडे जुलैत पियानोच्या पट्ट्या फुगतात. दमट हवेसाठी आत साठ वॅटचा दिवा लावून ठेवतो तरी मधल्या सप्तकातला एक पंचम रुसतोच. एकदा एका छोट्या मैफलीत हेच गाणं होतं आणि तो पंचम खाली गेला तो वर येईना. ज्या सुरावर अख्खं गाणं तरंगतं तोच सूर! उरलेलं गाणं मी तो एका सप्तकाने खाली नेऊन वाजवलं. गायिकेने मान किंचित वळवली, एवढंच. श्रोत्यांना कळलं नाही, पण घरी येईपर्यंत माझे हात थंड होते.

तुमच्या प्रश्नावर माझं मत: साथ करणाऱ्याला पर्याय नसतो, शब्दन् शब्द माहीत हवा. श्रोत्याला मात्र पहिलं ऐकणं कोरं मिळालं तर ते त्याचं भाग्य. ते एकदाच मिळतं.

लिऑंकर

मी अकरा वर्षं लिऑंमध्ये राहतो. काळीपांढरी यांच्याशी निम्मा सहमत.

सोप्रानो ऑपेरात उंच सुरावर गेली की अस्सल फ्रेंच माणसालाही शब्द कळत नाहीत, हे इथले शेजारीच कबूल करतात. पण मेलोदीत शब्द कळलेच पाहिजेत अशी अपेक्षा असते. कारण संगीतकार आधी कविता निवडतो, तीही बोदलेर, व्हर्लेन, लकाँत द लील अशा तालेवारांची. जाँसची खासियतच ही आहे. ती १९८६ पासून विल्यम क्रिस्टीच्या मंडळीत बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत गात मोठी झाली, तिथे शब्दाला फार मान. तिचं एकही व्यंजन वाया जात नाही. म्हणून मी म्हणतो, कविता वाचा. नाही वाचली तर तिने जे केलंय त्यातलं अर्धं तुमच्या दारावरून परत जाईल.

तुम्ही सहा-सात वेळा ऐकलेली ओळ म्हणजे बोदलेरच्या कवितेतलं पालुपद. तिथे सगळं कसं नेटकं, सुंदर, संपन्न, शांत आणि सुखाने ओथंबलेलं आहे, असा भाव. (हा अर्थ सांगितल्याबद्दल ताई रागावणार नाहीत ना?)

सांजवात

@लिऑंकर, रागावले नाही हो. पण खरं सांगू? वाचल्यावर दोन मिनिटं हिरमुसले. मी मनात तिथे दुसरंच काही धरलं होतं. कुणीतरी हळूच माफी मागतंय असं.

तंबोरा_दोन

एक शंका, भांडण नको. मला सोप्रानो आवाज ऐकवत नाही. सतत थरथर. सूर लावला की तो स्थिर ठेवायचा हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. दुसरं म्हणजे सगळंच जर कागदावर लिहिलेलं असेल तर गाणारीने काय करायचं? भावगीतातही गायक चार ठिकाणी मुरकी वेगळी घेतो. इथे तेवढीही मोकळीक नाही.

काळीपांढरी

@तंबोरा_दोन, काका, थरथरीबद्दल तुम्ही जाँसपासूनच सुरू करा. लिऑंकरांनी सांगितलं तसं ती बरोकमधून आली, त्यामुळे सूर बराचसा सरळ ठेवते आणि कंप शेवटी किंचित सोडते, रंग भरल्यासारखा. आवाजही काचेसारखा टोकदार नाही, खालच्या अंगाला गडद आहे.

मोकळिकीबद्दल. कागदावर स्वर असतात, काळ असतो. पण एखाद्या शब्दावर तीळभर थांबायचं की नाही, श्वास कुठे लपवायचा, 'आ' उघडा घ्यायचा की झाकलेला, हे कागदावर नसतं. द्युपार्कचं 'फिदिले' घ्या. रानात दुपार, मधमाश्या, झोपलेली मुलगी. 'विसाव' असं म्हणणारी ओळ पुन्हा पुन्हा येते. गायिका ती दर वेळी त्याच भावाने म्हणाली तर गाणं तिथेच संपलं. दर वेळी वेगळी, आणि तरीही निजवणारीच म्हणायची. मग शेवटी गाणं असं पेटतं की पियानोवाल्याचे खांदे दुखतात, आणि बाई थांबल्यावरही पियानोचं बराच वेळ चालू राहतं. मी दोन गायिकांबरोबर वाजवलंय ते. स्वर तेच, पण दोन वेगळी गाणी झाली.

जुनीतबकडी

उशिरा आलो. या विषयावर कुणीतरी धागा काढावा अशी वर्षानुवर्षं इच्छा होती.

माझा प्रवास ऱ्हिदम हाउसमधून सुरू झाला. काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं त्या आठवड्यात मी नुसता समोर जाऊन उभा राहिलो होतो. तिथेच मला एली आमेलिंग या डच सोप्रानोची तबकडी मिळाली. पुढे कळलं की तिने आणि जेरार सुझेने मिळून फोरे या फ्रेंच संगीतकाराची सगळी गाणी डाल्टन बाल्डविनच्या पियानोबरोबर गायली आहेत. आमेलिंगचा आवाज म्हणजे सकाळी धुतलेला पांढरा रुमाल. तंबोरा_दोन, तुम्ही जाँसच्या आधी आमेलिंग ऐका.

पण मला सांगायचंय ते मॅगी टेटबद्दल. इंग्रज बाई, जन्म १८८८. पॅरिसला शिकायला गेली आणि १९०८ मध्ये 'पेलेआस' या ऑपेरातल्या मेलिझांदच्या भूमिकेसाठी खुद्द देब्युसीने, म्हणजे त्या ऑपेराच्या संगीतकारानेच, तिला तालीम दिली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९३६ मध्ये, तिने आल्फ्रेद कॉर्तोच्या पियानोबरोबर देब्युसीची गाणी ध्वनिमुद्रित केली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. खरखर आहे, पण ती एका शब्दावरून दुसऱ्यावर ज्या लगबगीने जाते ते ऐकून वाटतं, ही गात नाहीये, कानात सांगतेय.

त्याहूनही मागे जायचं तर १९०४. मेरी गार्डन गातेय आणि पियानोवर देब्युसी स्वतः. दोन वर्षांपूर्वीच कलकत्त्यात गौहरजानने भोंग्यात तोंड घालून गायलं होतं, हे लक्षात घ्या. त्याच काळातली तीच यंत्रं. देब्युसीचा पियानो लांब विहिरीतून आल्यासारखा येतो. तरी मी वर्षातून एकदा ते लावतो.

रेनाल्दो आन तर स्वतःच पियानोवर बसून स्वतःच गायचा. त्याचंही ध्वनिमुद्रण आहे. तोंडात सिगारेट ठेवून गायचा असं सांगतात. जन्म व्हेनेझुएलातल्या काराकासचा, वाढला पॅरिसात, संगीतकार मास्नेचा शिष्य, कादंबरीकार प्रूस्तचा जिवलग. व्हिक्तोर ह्युगोच्या कवितेवरचं त्याचं सर्वात गाजलेलं गाणं त्याने तेराचौदाव्या वर्षी लिहिलं. तेराचौदाव्या!

फुलपाखरू_७

चहा गार झाला, दुसरा टाकला. जुनीतबकडी काका, लिहीत राहा.

मांडवीकाठ

पणजीहून नमस्कार. मला थोडं वेगळं सांगायचंय.

आमच्या घरात आजी पोर्तुगीज आणि फ्रेंच दोन्ही भाषांतली गाणी गुणगुणायची. तिला फ्रेंच येत नव्हतं. चर्चच्या शाळेत सोल्फेजो शिकलेली, त्यामुळे कागद समोर धरला की सूर वाचायची आणि शब्द कोकणी कानाने म्हणायची. मी पुढे आलियान्स फ्रांसेझच्या वर्गात फ्रेंच शिकले तेव्हा बाई म्हणाल्या, तुझे नाकातले स्वर इतके स्वच्छ कसे? मी म्हटलं, आम्ही गोंयकार, आमच्या 'हांव' आणि 'तें'मध्ये ते जन्मतःच आहेत. पुण्या-मुंबईच्या मुलींना तेच चार स्वर महिनाभर जमत नव्हते. त्या प्रत्येकीच्या मागे एक 'न' नाहीतर 'म' चिकटवायच्या.

गाताना ही गोष्ट फार मोठी आहे. अनुनासिक स्वरावर लांब सूर धरायचा, पण आवाज नाकात कोंडू द्यायचा नाही. जाँस हे कसं करते ते शोसोंच्या लिलाकच्या फुलांवरच्या गाण्यात ऐका. पहिल्याच ओळीत 'ताँ' येतं, म्हणजे काळ, ऋतू. लिलाकचा ऋतू गेला, तो आता परत यायचा नाही. तो 'ताँ' ती असा सोडते की 'न' कुठेच ऐकू येत नाही, नुसता ओलावा राहतो.

सांजवातताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: अर्थाआधी उच्चार. आजीला अर्थ कधीच कळला नाही, पण शब्द तिच्या जिभेवर होते.

लिऑंकर

@मांडवीकाठ, क्या बात! इथे शिकवताना एक वाक्य देतात, 'अँ बों व्हँ ब्लाँ', एक चांगली पांढरी वाइन. चारही अनुनासिक स्वर एका घोटात. पॅरिसवाल्यांच्या तोंडी आता त्यातला पहिला आणि तिसरा जवळजवळ एक झालाय, पण गाणाऱ्यांकडून अजून चार वेगळे मागतात.

आणखी एक. बोलताना फ्रेंच 'र' घशातून येतो, पण या गाण्यांत तो बहुतेक वेळा जिभेच्या टोकावरचा असतो. म्हणजे आपला मराठी 'र'. मराठी मुलींना ही आयती मिळकत आहे.

तिसरी गोष्ट सर्वात गमतीची. फ्रेंच शब्दांच्या शेवटी जो मुका 'अ'सारखा स्वर असतो तो बोलताना गिळतात. 'एम' म्हणजे 'प्रेम करतेस'. गाताना मात्र त्याला स्वतःची मात्रा मिळते, 'ए-म(अ)'. तो हलकाच ठेवायचा, पाय टेकवून लगेच उचलल्यासारखा. परदेशी गायक इथे हमखास पकडले जातात. एक तर तो गाळतात, नाहीतर ठासून म्हणतात.

वृत्तदर्पण

@लिऑंकर, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. अहो, हे आपल्याकडे रोज संध्याकाळी होतं!

'सदा सर्वदा योग तूझा घडावा' म्हणून बघा. बोलताना आपण 'योग्' म्हणतो, शेवटचा 'अ' गिळतो. पण भुजंगप्रयातात म्हणताना? 'स-दा-सर्, व-दा-यो, ग-तू-झा, घ-डा-वा'. तो 'ग' पुरा उच्चारावाच लागतो, त्याला स्वतःची लघु मात्रा आहे. नाही उच्चारला तर वृत्त लंगडतं. चार वर्षांचं पोर हे बिनचूक करतं आणि त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बोलण्यातला मेलेला स्वर पद्यात जिवंत होतो. फ्रेंच आणि मराठी इथे सख्ख्या बहिणी निघाल्या.

अनुस्वाराचंही तसंच. आपणही 'घरांत', 'तें', 'कांहीं' लिहीत होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती टिंबं गेली. मांडवीकाठ यांच्या कोकणीने ती तोंडात जपून ठेवली.

तंबोरा_दोन

वृत्तदर्पण, दंडवत. हे कुठल्याच वर्गात ऐकलं नव्हतं.

वृत्तदर्पण

थोडं अवांतर, पण राहवत नाही. फ्रेंच सोप्रानोच्या गाण्यात आपला भर्तृहरी आहे हे किती जणांना माहीत आहे?

मोरिस देलाज नावाचा फ्रेंच संगीतकार, प्रसिद्ध संगीतकार राव्हेलचा शिष्य. १९१२ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि परतल्यावर त्याने चार 'हिंदू कविता' सोप्रानोसाठी लिहिल्या. गाण्यांची नावं गावांची: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. पैकी मद्रास आणि जयपूर यांचे शब्द भर्तृहरीचे, फ्रेंच भाषांतरातले. बनारसमध्ये बुद्धजन्म. लाहोरला शब्द हायनेचे, जर्मन कवीचे, आणि त्यात गायिका मध्येच मिटल्या ओठांनी आलाप घेते. चेलोवाला तारेवरून बोट घसरवत वीणेसारखी मींड काढतो. ही चार गाणी पियानोवर नाहीत, छोट्या वाद्यमेळावर आहेत.

पण पियानोवरचंही एक आहे, 'रागमालिका'. कोइंबतूर तायी या गायिकेची तबकडी ऐकून देलाजने ते रचलं. त्यात पियानोच्या एका तारेखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला सांगितलंय, म्हणजे ती तार मृदंगासारखी वाजेल.

वामन पंडितांनी भर्तृहरीची शतकं मराठीत आणली ती सतराव्या शतकात. आपण शाळेत त्यातले श्लोक घोकले. तोच भर्तृहरी १९१४ मध्ये पॅरिसच्या मंचावर एका सोप्रानोच्या गळ्यातून आला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मूळ श्लोक कुठला असेल ते शोधण्यात अख्खी रात्र गेली.

काळीपांढरी

पुठ्ठा! आमच्या पट्ट्या आपोआप मृदंग होतात जुलैत, पुठ्ठ्याची गरज नाही :)

'रागमालिका' वाजवायची फार इच्छा आहे. फक्त पियानो दुसऱ्याचा असेल तर तारेखाली पुठ्ठा सरकवायची परवानगी कशी मागायची हा प्रश्न आहे.

जुनीतबकडी

हिंदुस्थानचा विषय निघालाच आहे तर. 'प्रवासाचं आमंत्रण' लिहिणारा बोदलेर स्वतः विशीत असताना, १८४१ मध्ये, घरच्यांनी त्याला कलकत्त्याला जाणाऱ्या जहाजावर चढवलं होतं. पोरगं हाताबाहेर चाललंय म्हणून. हा गेला मॉरिशस आणि रेयुनियोंपर्यंत आणि तिथूनच मागे फिरला. कलकत्ता पाहिलंच नाही. पण त्या सफरीतले ओले सूर्य आणि झोपलेली जहाजं त्याच्या कवितांत आयुष्यभर राहिली असं मला वाटतं.

द्युपार्कने ती कविता १८७० मध्ये घेतली आणि मधलं कडवं सोडून दिलं. फ्रान्स-प्रशिया लढाईचं वर्ष, पॅरिसला वेढा पडणार होता, आणि तो लिहितोय दूर शांत बंदराबद्दल.

द्युपार्कचं आयुष्य वाचवत नाही मला. संगीतकार सेझार फ्रांकचा शिष्य, शोसोंचा मित्र ('फिदिले' त्याने शोसोंलाच अर्पण केलंय). १८८५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मज्जासंस्थेच्या आजाराने त्याचं लिहिणं थांबलं ते कायमचं. मेला १९३३ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं तो नुसता जगला. पुढे दृष्टीही गेली. लिहिलेल्यातलं बरंच त्याने स्वतःच्या हाताने नष्ट केलं. उरली ती सतराच्या आसपास गाणी. सगळी एका दुपारी ऐकून होतात.

शोसों तर १८९९ मध्ये सायकलवरून जाताना भिंतीवर आदळून गेला. चव्वेचाळीसचा होता. या तबकडीवरच्या तिघांत दीर्घकाळ लिहीत राहिला तो एकटा आन.

फुलपाखरू_७

अठ्ठेचाळीस वर्षं... हे वाचून मग 'प्रवासाचं आमंत्रण' लावलं. काय लिहू. मी आयुष्यात पहिल्यांदा सोप्रानो शेवटपर्यंत ऐकली.

तंबोरा_दोन

सांगितल्याप्रमाणे केलं. जाँसची ती सीडी आता ऑनलाइन ऐकता येते, भाच्याने फोनवर लावून दिली. माझी थरथरीची तक्रार या बाईंबद्दल मागे घेतो. सूर लावताना ती सरळ लावते, हे मी कान देऊन तपासलं. इतरांबद्दल अजून ठरवायचंय.

एक अनुभव सांगतो. आनचं 'आ क्लोरिस' चालू होतं. आई वय ८६, शेजारी तांदूळ निवडत बसली होती. संपल्यावर म्हणाली, "देवाचं आहे का रे हे?" मी पुस्तिकेचं भाषांतर शोधून वाचलं. साधं प्रेमगीत! "क्लोरिस, तू माझ्यावर प्रेम करतेस हे खरं असेल, आणि करतेस असं कानावर आलंय, तर राजांनाही माझ्याएवढं सुख नसेल", असं काहीतरी. मी आईला सांगितलं. तिला पटलं नाही. "प्रेमाचं गाणं इतकं हळू पावलं टाकत येईल होय?"

आता तज्ज्ञांनी सांगावं, आई चुकली का?

काळीपांढरी

काका, आईंना माझा साष्टांग नमस्कार. त्या अजिबात चुकल्या नाहीत!

'आ क्लोरिस'चा डावा हात हा जवळजवळ बाखचा, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या जर्मन संगीतकाराचा आहे. एकेक पायरी उतरत जाणारा खर्ज, वर जुन्या काळच्या नजाकतीचे छोटे घुमारे. बाखच्या त्या प्रसिद्ध संथ 'एअर'ची आठवण व्हावी असाच रचलाय. कविताही तेओफिल द व्हियो या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कवीची. आनने विसाव्या शतकात बसून तिला जुना पोशाख घातला. आईंनी पावलं ओळखली. देवळात येणाऱ्याचीच आहेत ती.

आणि हे भाषांतर वाचून कधीच कळलं नसतं.

लिऑंकर

हार मानतो. निदान या गाण्यापुरती.

तरी एक सांगतो. "करतेस असं कानावर आलंय" ही ओळ बघा. इतक्या गंभीर पावलांच्या मध्ये तो माणूस चोरून खात्री करून घेतोय. जाँस तिथे आवाज जरा आत घेते. अर्थ माहीत नसेल तर ते नुसतं हळू म्हणणं वाटेल.

मांडवीकाठ

म्हणूनच म्हणते, आधी उच्चार, मग कोरं ऐकणं, मग अर्थ, मग पुन्हा ऐकणं. घाई कुणाला आहे?

सांजवात

तीन आठवड्यांनी येतेय. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला फोनवर वाचून दाखवले, ती तिकडे डोळे पुसत होती.

मी मांडवीकाठ यांचा मार्ग धरला. 'आ क्लोरिस'चे शब्द लेकीकडून देवनागरीत लिहून घेतले, अर्थ न विचारता. कागद फ्रिजवर चिकटवला. जिथे मुका 'अ' येतो तिथे वृत्तदर्पण यांना स्मरून लहानसा लघूचा चंद्र काढला. आठवडाभर पोळ्या लाटताना नुसतं म्हणत होते, सूर न लावता. जीभ सैल झाली. मग एका रविवारी दार लावून सीडी लावली.

आणि मला एक गोष्ट दिसली जी पहिल्या वीस वेळा ऐकताना दिसली नव्हती. गाण्याची चाल बाई सुरू करतच नाही. ती पियानो सुरू करतो आणि आपल्या वाटेने चालत राहतो. बाई त्यात मध्येच येते, गायल्यासारखी नाही, बोलल्यासारखी. चाल मुळात पियानोची आहे, ती फक्त तिच्या बाजूने चालतेय. शब्द तोंडात बसले होते म्हणून मला तिच्या मागे धावावं लागलं नाही, कान मोकळा राहिला आणि पियानो ऐकू आला. काळीपांढरी, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला तीन आठवडे लागले.

अर्थ तंबोरा_दोन यांच्या आईंच्या गोष्टीतून कळून गेलाच होता. त्याने काही बिघडलं नाही. 'प्रवासाचं आमंत्रण'मधली माझी माफी मात्र मी सोडलेली नाही. बोदलेरला चालेल.

आता 'फिदिले' घेतलंय. लेक म्हणते मोठं आहे, दोन कागद लागतील. कुणी शब्द देवनागरीत लिहून देईल का? लेकीची परीक्षा आहे.

मांडवीकाठ

मी देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अनुनासिकांवर चंद्रबिंदू देऊन पाठवते, म्हणजे मागे 'न' चिकटणार नाही.

तंबोरा_दोन

मलाही एक प्रत पाठवा. आईने परवा विचारलं, ते देवाचं गाणं पुन्हा कधी लावणार?